स्तनातील पाण्याच्या गाठी



चारचौघांत या विषयावर बोलावयाचे म्हटले म्हणजे बोलणाराही अवघडतो आणि ऐकणाराही. परंतु हा संकोच हाच आमच्या विषयाचा निम्मा भाग असल्यामुळे त्याचा उल्लेख आरंभीच केलेला बरा. स्तनात गाठ हाताला लागली तरी बाई ती आईला सांगत नाही, सासूला सांगत नाही, पुष्कळदा नवऱ्यालाही सांगत नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे भाषण केले, त्यात या देशाला स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले होते. आज स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत. गाठ मात्र अजून पदराआडच राहते. आम्हां डॉक्टरांकडे ती येते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

आता ही पाण्याची गाठ, जिला डॉक्टर सिस्ट म्हणतात, ती काय वस्तू आहे ते पाहू. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे बारीक बारीक पुंजके असतात. त्यांच्यापासून निघालेल्या नलिका स्तनाग्राकडे जातात आणि भोवती चरबी व तंतूंचे वेष्टन असते. दर महिन्याला रक्तातील संप्रेरके वाढतात, उतरतात, आणि त्यांच्याबरोबर या ग्रंथीही फुगतात, ओसरतात. वर्षानुवर्षे हा क्रम चालला असता एखादा पुंजका रुंदावतो, त्यात द्रव साठतो आणि एक पिशवी तयार होते. तीच ही गाठ. कोणाची मुगाएवढी, कोणाची लिंबाएवढी. साधारणतः ३५ ते ५० या वयात त्या अधिक आढळतात, एकाच वेळी अनेकही असतात, आणि पाळी कायमची गेल्यावर बहुधा ओसरतात. लंडनचे शल्यवैद्य अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनाच्या रोगांवर सचित्र ग्रंथ लिहिला, त्यात द्रवाने भरलेल्या गाठींचे वर्णन आहे. तेव्हा हा काही आजच्या राहणीमुळे उपजलेला नवा रोग नव्हे. खरे म्हणजे साध्या गाठीला रोग म्हणणेही जडच आहे.

अशी गाठ सहसा गुळगुळीत व गोल असते आणि द्राक्षासारखी बोटाखाली सरकते. पाळीच्या आधी ती ठणकते, पाळी झाल्यावर मवाळ होते. हे ऐकून एखादी भगिनी मनात म्हणेल, ‘माझी अशीच आहे, म्हणजे काळजी नको.’ येथेच थांबावयास हवे! द्रव गच्च भरला म्हणजे हीच गाठ दगडासारखी कठीण लागते. उलट काही वेळा कर्करोगाची गाठही गोल आणि सरकणारी असू शकते. मुरलेल्या डॉक्टरचीही बोटे येथे फसतात. हाताने एवढेच कळते की काहीतरी आहे. ते काय आहे, हे सोनोग्राफी सांगते. ध्वनीच्या लहरी पाण्यातून सरळ पार होतात म्हणून पाण्याची गाठ पडद्यावर काळी स्वच्छ दिसते. भरीव गाठ तशी दिसत नाही. चाळिशी उलटलेल्या स्त्रीला बहुधा मॅमोग्राफीही करावयास सांगतात. साधी गाठ ठरली तर औषध नको, शस्त्रक्रिया नको. ती पुढे कर्करोगात बदलत नाही. फार दुखत असेल तर सुईने पाणी काढतात. ते पिवळसर, हिरवट किंवा तपकिरी असते, आणि गाठ जागच्या जागी नाहीशी होते. पाण्यात रक्त आले, पाणी काढूनही गाठ उरली, ती पुनःपुन्हा भरू लागली, किंवा पिशवीत भरीव भाग दिसला, तर मात्र पुढील तपासणी केलीच पाहिजे. ‘सुई लावली की गाठ पसरते’ अशी एक समजूत घरोघर ऐकू येते. त्या भीतीने तपासणी टाळण्यास काहीही आधार नाही.

दुखण्याविषयी आपल्या समाजाची समजूत तर अगदी उलटी आहे. ठणका लागला की बाई घाबरते. दुखत नसेल तर म्हणते, ‘त्रास नाही, मग कशाला दाखवायचे?’ वस्तुतः पाळीच्या सुमारास होणारा ठणका बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, आणि कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखतच नाही. न दुखणारी गाठ आधी दाखवावी. शेक, लेप आणि मालीश यांत महिने घालवू नयेत.

पाळी चालू असलेल्या स्त्रीला पाळीच्या तोंडावर गाठ लागली तर पाळी संपेपर्यंत वाट पाहण्यास हरकत नाही. त्यानंतरही ती राहिली तर दाखवावी. पाळी गेलेल्या स्त्रीने मात्र मुळीच थांबू नये. त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्यानेच आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काही असेल तर वय कोणतेही असो, लगेच जावे. लाली, ताप आणि गरमपणा असेल तरी तसेच. अंगावर पाजणाऱ्या बाईची प्रत्येक गाठ दुधाचीच असते असेही नाही. आणि ज्यांची पूर्वी एकदा पाण्याची गाठ निघाली होती त्यांनी नवी गाठही तसलीच, असे घरबसल्या ठरवू नये. हा निष्काळजीपणा शिकलेल्या घरांतही आम्ही पाहतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या एका मोठ्या पाहणीत, शिकवून तयार केलेल्या स्त्रिया दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत असत. २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. वेळेवर लागलेल्या हाताची ही किंमत आहे.

बंधूंनो, बाईने धीर करून सांगितले तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणू नका. तिला पुन्हा सांगण्याचा धीर होईलच असे नाही. डॉक्टरकडे जाताना गाठ प्रथम हाताला लागली तो दिवस, शेवटच्या पाळीची तारीख, चालू गोळ्यांची नावे आणि आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता काय, एवढे चिठ्ठीवर लिहून न्यावे; जुने कागदही बरोबर असावेत. तपासणीच्या वेळी जवळ परिचारिका असावी असे वाटले तर तसे मोकळेपणाने सांगावे. त्यात डॉक्टरांचा मुळीच उपमर्द होत नाही.