‘ढ’ हा शेरा आणि ते प्रमाणपत्र

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलं, आता पीएच.डी. करते आहे आणि त्या कामासाठी माध्यमिक शाळांमध्ये जाऊन बसते. मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणी असलेली एक अनुदानित शाळा आणि शहरातली भरपूर फी घेणारी एक इंग्रजी माध्यमाची शाळा. माझा प्रश्न साधा आहे. ज्या मुलांना शिकताना वेगळ्या मदतीची गरज असते त्यांना शाळा काय देते आणि कुणाला देते?

यात अंध मुलं येतात, कर्णबधिर येतात, चालता न येणारी येतात. पण आज मी एकाच अडचणीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे अध्ययन अक्षमता. बुद्धी चारचौघांसारखी असते, पण वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड यांतलं काही तरी मुलाला फार जड जातं. वाचनाची अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाची असेल तर डिसग्राफिया, गणिताची असेल तर डिसकॅल्क्युलिया. ही अडचण बाहेरून दिसत नाही. म्हणून तिला नाव कोण देतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. दोघंही नववीत. दोघंही वाचताना ओळ सोडतात, फळ्यावरून उतरवून घेताना अर्ध्यावर राहतात, तोंडी विचारलं तर बरोबर उत्तर देतात. शहरातल्या मुलाच्या आईने तिसरीतच शाळेच्या समुपदेशक बाईंना गाठलं. तपासण्या झाल्या, प्रमाणपत्र आलं. आज त्याला प्रत्येक परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो आणि शुद्धलेखनाचे गुण कापले जात नाहीत. वर्गात त्याला कुणी हसत नाही, कारण त्याच्या अडचणीला एक नाव आहे. तालुक्याच्या शाळेतल्या मुलाची आई कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि वजनकाट्यावर आईचा हिशेब हाच मुलगा तोंडी करतो. शाळेत त्याला ‘ढ’ म्हणतात. त्याच्या सरांनी मला सांगितलं, “त्याच्या घरात कुणी शिकलेलंच नाही, मग त्याला येणार कुठून?” आई म्हणाली, “ताई, पोराचं डोकं चांगलंय. कागद समोर आला की गप्प बसतंय.”

सरांना जे कळलं नाही ते त्या माऊलीला कळलं होतं. पण तिच्या म्हणण्याला शाळेत वजन नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. ‘तारे जमीन पर’ 2007 च्या डिसेंबरमध्ये आला, घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द पोहोचला, तरी केंद्राच्या कायद्यात तो नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी एकवीसवर नेली आणि अध्ययन अक्षमता तिच्यात आली. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 16 आपल्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावं. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यानुसार शिकवण्यात बदल करावेत, हे काम तिथे संस्थेवर सोपवलेलं आहे. कलम 17 नुसार दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करून दिव्यांग मुलं शोधायची आहेत.

म्हणजे ओळखायची जबाबदारी शाळेची आहे. प्रत्यक्षात ती आईबापांवर ढकलली गेली आहे. ज्या आईने तो शब्द कधी ऐकलेला नाही, ती तो मागणार कसा? शब्द कळला तरी पुढे जिल्हा रुग्णालय आहे. तिथे बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका खेपेत काम होत नाही, आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आठ वर्षांनंतर प्रमाणपत्र, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी, असं ठरवलं होतं. चाचण्यांचा मोठा भाग अनेक वर्षं इंग्रजीतच होता. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी आणली, त्यात मराठी आहे. पण ज्याच्या घरी गोरमाटी, पारधी किंवा भिली बोलतात, त्याला मराठीतली चाचणीही परक्या भाषेतलीच.

याहून खोल एक अडचण आहे. अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतच एक दार आपल्यासाठी बंद होतं. अमेरिकेच्या 1975 च्या कायद्यात ही संज्ञा आली, तेव्हा असं लिहिलं गेलं की मुलाची अडचण मुख्यतः आर्थिक, सांस्कृतिक किंवा परिस्थितीच्या वंचिततेमुळे आलेली असेल तर ती यात धरायची नाही. निदान करताना आजही हा विचार जगभर केला जातो. कागदावर तो बरोबर वाटतो. शिकवलंच नाही म्हणून वाचता येत नसेल तर त्याला अक्षमता कसं म्हणायचं? पण परिणाम काय होतो ते बघा. सुखवस्तू घरातलं मूल अडखळलं तर विचारतात, याला नेमकं काय होतंय? गरीब घरातलं मूल अडखळलं तर उत्तर आधीच तयार असतं: घरचं वातावरण. आपल्याकडे त्या ‘वातावरण’ शब्दाच्या आत जात बसलेली असते. आमच्या सरांचं वाक्य आणि अमेरिकेच्या कायद्यातलं ते कलम, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. अमेरिकन अभ्यासक क्रिस्टिन स्लीटर यांनी 1986 मध्येच मांडलं होतं की ही वर्गवारी गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या अपयशाला सन्मानाचं स्पष्टीकरण देण्यासाठी उभी राहिली.

मग सगळ्या वस्तीतल्या मुलांना प्रमाणपत्रं मिळवून द्यायची का? तेही नाही. शिक्क्याला दुसरी धार असते. कॅलिफोर्नियात बुद्ध्यांकाच्या चाचण्या लावून काळ्या मुलांना मंदबुद्धींच्या वर्गात मोठ्या प्रमाणावर टाकलं जात होतं. पालक कोर्टात गेले आणि 1979 मध्ये न्यायालयाने त्या कामासाठी अशा चाचण्या वापरायला मनाई केली. शाळेने नीट शिकवलं नाही, याचा ठपका मुलाच्या मेंदूवर ठेवणं हाही अन्यायच. म्हणून माझं म्हणणं असं की आधी मदत द्या, शिक्का मागाहून बघू.

मदत काय असू शकते? वाचनात अडखळणाऱ्या मुलाला भर वर्गात उभं करून धडा वाचायला लावू नये. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा. घटक चाचणी तोंडी घ्यावी. फळ्यावरचं उतरवायला वेळ द्यावा, नाही तर वहीची झेरॉक्स द्यावी. विज्ञानाच्या उत्तरात वेलांटी चुकली म्हणून गुण कापू नयेत. यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, कारण कित्येकदा नुसता चष्मा लागलेला असतो. मग सगळ्या विषयांच्या वह्या एकत्र ठेवून बघाव्यात. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल, काना-मात्रा गळणं, जोडाक्षरावर थांबणं सगळीकडे सारखंच दिसत असेल, आणि महिनोन्‌महिने नीट शिकवूनही हटत नसेल, तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवावं. समग्र शिक्षा योजनेत नववी ते बारावीची दिव्यांग मुलंही येतात. एका मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंतची तरतूद आहे, मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये वेगळे.

प्रमाणपत्र महत्त्वाचं ठरतं ते दहावीला. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, आणि मंडळाच्या नियमांप्रमाणे कॅल्क्युलेटर किंवा एखाद्या भाषेतून सूट. हा अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच हालचाल हवी. आणि नववी म्हणजे नेमकी ती जागा, जिथे शिक्षण हक्क कायद्याचं छत्र संपलेलं असतं. ते आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंत. शाळेच्या दारावर शंभर टक्के निकालाचा फलक लागलेला असतो. तो टिकवण्यासाठी नववीत अडखळणाऱ्या मुलाला काय सांगतात, हे तुम्हाला ठाऊक आहे: “तू बाहेरून बस. सतरा नंबरचा फॉर्म भर.” कापसाचा हिशेब तोंडी करणाऱ्या त्या मुलालाही हेच सांगितलं आहे. फॉर्मची मुदत संपायच्या आत मी, त्याची आई आणि शाळेतल्या एक बाई मिळून तपासणीची तारीख मिळवायच्या मागे आहोत.

आता थोडं ‘मेरिट’बद्दल. आपल्यातल्या कित्येकांना कॉलेजात ऐकावं लागलं असेल की तुम्ही कोट्यातून आलात. त्याच शहरी घरांत एका तासाला वीस मिनिटं जादा घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि वाटूही नये. तो त्या मुलाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं की, लेखनिकासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही. वाजवी सोय करून देणं हा समानतेचाच भाग आहे. हा विचार आपल्याला नवा नाही. सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करून शिट्टी वाजवली की शर्यत न्याय्य होत नाही, हे आपण आरक्षणाच्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. म्हणून दिव्यांग मुलांची लढाई आणि आपली लढाई वेगळी धरू नका. दलित आणि दिव्यांग असलेलं मूल दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं.

ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही ठरवून दिलं. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक. ती पदं तुमच्या जिल्ह्यात मंजूर आहेत का, भरली आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. त्या पदांवर कोण येतं हेही महत्त्वाचं. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे म्हटलं होतं की प्राथमिक शाळांचे शिक्षक शेती करणाऱ्या वर्गातून तयार व्हावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. विशेष शिक्षणाची पदविका, पदवी करणारे आपल्यातून किती निघतात?

तुम्ही दिवाळीला गावी जाल. वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलांना जवळ बसवा, त्यांच्या वह्या बघा, एक परिच्छेद वाचायला सांगा, मग तोच वाचून दाखवून प्रश्न विचारा. ज्याला कानाने सगळं कळतं आणि डोळ्याने काहीच जमत नाही, त्याच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात कलम 16 लिहा. पोच घ्या. त्या आईच्या म्हणण्याला शाळेत वजन नव्हतं, पण तुमच्या सहीला ते असेल. आपल्या पदवीचा निदान एवढा उपयोग झालाच पाहिजे.

जय भीम, जय सावित्री.