अबू सिंबेलची एक दिवसाची फेरी

आस्वानहून पहाटे निघालेली आमची मोटार वाळवंटातले सुमारे २८० किलोमीटर तोडून अबू सिंबेलला पोचली. दुसऱ्या रामसेसचे चार बैठे पुतळे, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच! एकाचे धड कोसळून पायाशी पडलेले.

वाटाड्या म्हणाला, “हे देऊळ मूळचं खाली होतं.” धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते करवतींनी कापून सुमारे ६५ मीटर वर आणून जुळवले. पडके धडसुद्धा तसेच मांडले.

“आणि इथली गावं?”

त्याने तळ्याकडे बोट केले. तो न्यूबियन. १९६३-६४ मध्ये त्याचे सुमारे ५० हजार लोक कोम ओंबोकडे हलवले गेले. आजीने निघताना दाराला कुलूप लावले होते. किल्ली अजून त्याच्या घरी आहे.