अपघातानंतरचे भय



हाड मोडले की प्लास्टर सर्वांना दिसते, शेजारीपाजारी विचारपूस करतात. मोटारीच्या अपघाताने मन धसकले, तर ते कोणास दिसत नाही. उलट घरचीच माणसे “आता पुरे, विसरून जा” म्हणू लागतात. त्या बोलण्याने नुकसान फार होते, म्हणून आज हा विषय घेतला.

हे भय भित्र्यांनाच जडते असे नाही. १८६५ च्या जूनमध्ये इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे आगगाडी पुलावरून घसरली. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स त्या गाडीत होते. त्यांनी टोपीतून पाणी आणून जखमींना पाजले. पुढे मात्र प्रवासात त्यांना कापरे भरू लागले, आणि १८७० साली ते वारले तोवर ते सुटले नाही. या दुखण्याला वैद्यकाने आजचे नाव दिले ते १९८० साली!

१९९८ साली इंग्लंडातच एक पाहणी प्रसिद्ध झाली. वाहनांच्या अपघातानंतर इस्पितळात आलेल्या ९६७ जणांपासून ती सुरू झाली होती. तीन महिन्यांनी शंभरांत सुमारे २३ जणांना हा त्रास होता, वर्षाने सुमारे १७ जणांना. म्हणजे बहुतेक जण आपणहून सावरतात. परंतु सगळे नाही.

मग काहींचे भय टिकते का? मुख्यतः चुकवण्यामुळे. नारायणगुड्याच्या चौकात ज्याला धडक बसली, तो वळसा घालून जातो. जीव शांत होतो, आणि मन शिकते की वळसा घातला म्हणून वाचलो. रोज वळसा लांबतो. मग नोकरी, मुलांची शाळा, लग्नकार्ये, एकेक सुटत जाते. (२०२० साली आपल्या दाराशी मेट्रो आली, ही सोयच, पण भ्यालेल्याला मोटार टाळण्याचीही सोय झाली.)

उपचार याच्या उलट वाटेने जातो. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी उभ्या मोटारीत, भीती ओसरेपर्यंत, नुसते बसायचे. मग गल्लीतून फेरी. शेवटी तो चौक. जोडीला घडलेला प्रसंग सविस्तर, पुनःपुन्हा सांगायचा. त्याने आठवण ही आठवणच राहते, आत्ता घडते आहे असे वाटत नाही. साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात.

पण घरच्यांनी पहिल्याच दिवशी खोदून विचारू नये. जखमींना लगेच एका बैठकीत बोलते करण्याचे प्रयोग झाले; ते निरुपयोगी ठरले, काहींना अपायच झाला. तेव्हा जेवण, झोप आणि सोबत पुरे. महिना उलटूनही दुःस्वप्ने, दचकणे, टाळणे थांबले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तिच्या भाषांत मराठीही आहे. त्या माणसाचा हात कापत असेल, तर क्रमांक तुम्ही लावून द्या.