पोटाच्या तक्रारीविषयी चार शब्द
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंची हकीकत सांगावी, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

जाऊबाईंना २०१७ साली बीजांडकोशाचा कर्करोग झाला. त्याआधी कित्येक महिने पोट फुगे, दोन घासांतच पुरे वाटे. आम्ही म्हणायचो, वात धरला. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्यांनी शिबिरात करून घेतली होती व ती निर्दोष आली होती. त्या तपासणीत हा रोग कळत नाही, हे आम्हांला कोठे ठाऊक! शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, केस गेले आणि पुन्हा आले. पाच वर्षे उलटल्यावर आम्ही सत्यनारायण घातला.

२०२३ च्या श्रावणात त्यांचे पोट साफ होईना. कळ येई, पोट गुरगुरे, मग ओकारी. मी ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला आणि दोन रात्री एरंडेल पाजले. हे सांगताना आजही माझी जीभ जड होते. आतड्याची वाट बंद झाली होती, आणि मी वरून रेचक देत होते! तिसऱ्या दिवशी हिरवी ओकारी झाली, वारासुद्धा सरेना, तेव्हा रुग्णालय गाठले.

तेथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. या रोगाच्या पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात, आतड्याला बाहेरून चिकटतात आणि वर्षांनंतरही तेथे वाढतात. म्हणून दुर्बिणीने आतून पाहिले तर आतडे स्वच्छही दिसू शकते. सीटी स्कॅन आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी झाली, तेव्हा उलगडा झाला. ज्यांना हा रोग होऊन गेला आहे, त्यांचे पोट असे अडले तर घरी रेचक देऊ नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या, असे त्यांनी मला बजावले. तेच मी तुम्हांला बजावते.

नाकातून नळी घालून पोट मोकळे केले, पुढे शस्त्रक्रिया करून पोटावर पिशवी बसवली. जाऊबाई त्यानंतर चौदा महिने होत्या. पिशवी बदलायला मी शिकले. एरंडेलाची गोष्ट मी काढली की त्या म्हणत, “अगं, मला तरी कुठं कळलं होतं?”

हा दोष काही घराण्यांत आईकडून किंवा बापाकडून उतरतो म्हणतात. त्यांच्या लेकीने जनुकांच्या तपासणीसाठी रक्त दिले आहे. अहवाल सोमवारी मिळेल. मी तिच्याबरोबर जाणार आहे.