गोळी दिली, पुढे काय?

(महिला वसतिगृहे, आधारगृहे व शासकीय गृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काहीजणींना वाटलं असेल, औषधं हा डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा प्रांत, त्यात स्त्री संघटनांचं काय काम? पण औषधांचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या विरोधात १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ज्या बायकांवर या इंजेक्शनाची चाचणी चालली होती, त्यांना आपल्याला काय टोचलं जातंय हे सांगितलंच गेलेलं नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता राखणं जड जातं, असं कारण दिलं गेलं. आपल्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या वादात जो प्रश्न होता तोच आजही आहे: गृहातल्या बाईच्या शरीरावर होणारा उपचार तिच्यासाठी असतो की गृहाच्या सोयीसाठी? शस्त्रक्रियेची बातमी तरी होते. रोज रात्री साडेआठला दिल्या जाणाऱ्या गोळीची होत नाही.

मी बोलते आहे ती गृहं तुमच्या ओळखीची आहेत. शासकीय महिला राज्यगृहं, पूर्वीची स्वाधारगृहं, जी २०२२ पासून ‘शक्ती सदन’ या नावाखाली आली, आणि संस्थांची छोटी आधारगृहं. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ परिचारिका नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, किंवा बाईला सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. गोळ्या देते ती काळजीवाहिका, म्हणजे आपल्या मावशी. रात्रपाळीला त्या एकट्या असतात, तीस-चाळीस बायकांचं जेवण, भांडणं, पोलिसांनी आणलेली नवी केस, हे सगळं सांभाळून. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं एकही वाक्य मावशींच्या विरोधात समजू नका. तपासणीला येणारी मंडळी आधी त्यांनाच धारेवर धरतात. त्यांना औषधांचं प्रशिक्षण कुणी दिलं, हे मात्र विचारत नाहीत.

परिचारिकांना पहिल्या वर्षी शिकवतात की औषध देताना बाई तीच आहे ना, औषध तेच आहे ना, मात्रा, वेळ आणि द्यायची पद्धत बरोबर आहे ना, हे पाहायचं. ऐकायला सोपं आहे. पण गृहात दोन सुनीता असतात. गोळ्या दुपारीच पाकिटातून सोडून वाट्यांत काढून ठेवलेल्या असतात, आणि पाकिटातून सुटलेली पांढरी गोळी दुसऱ्या पांढऱ्या गोळीसारखीच दिसते. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी येतं आणि दोन्ही चालू राहतात. पाळी बदलताना एकीनं दिलेली गोळी दुसरी पुन्हा देते, कारण सही नंतर, सगळ्यांची एकदम करायची पद्धत असते. यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. गोळी पाकिटातून तिच्यासमोर काढायची, तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ती गिळून झाली की तिथल्या तिथे सही करायची. कपाटाला कुलूप आणि किल्ली एकीकडेच. एवढं केलं तरी पुष्कळ चुका थांबतात.

पण मला जास्त बोलायचंय ते त्यानंतरच्या भागाविषयी. गोळी पोटात गेली की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. ती गोळी तिथे काय करते, हे कोण पाहतं?

हॅलोपेरिडॉलचं उदाहरण घेऊ. भास, संशय, फार खळबळ यासाठी हे औषध देतात, आणि अनेकींना त्याचा उपयोगही होतो. पण काहीजणींना त्यानं आतून एक तगमग सुरू होते. बसवत नाही, उभं राहवत नाही, पाय सतत हलत राहतात, बाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहते. वैद्यकशास्त्रात याला अकॅथिसिया म्हणतात. आता वहीत काय लिहिलं जातं? “अस्वस्थ आहे, एका जागी बसत नाही, इतरांना त्रास देते.” डॉक्टर आठवड्यानं येतात, वही वाचतात, आजार वाढला असं समजून मात्रा वाढवतात. तगमग आणखी वाढते. अशी साखळी मी एकाहून अधिक गृहांत पाहिली आहे, आणि ती तोडायला एकच वाक्य पुरेसं असतं: “गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून येरझाऱ्या.” तारीख हवी. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे डॉक्टरला कळलं तर तो मात्रा कमी करू शकतो, औषध बदलू शकतो. याच औषधानं पहिल्या काही दिवसांत कधी मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. हे पाहून कुणी म्हणतं अंगात आलंय, कुणी म्हणतं नाटक करतेय. दोन्ही नाही. तिला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, एका इंजेक्शनानं बहुधा थोड्याच वेळात मान सुटते. आणि अंग ताठर होऊन खूप ताप चढला, भान हरपू लागलं, तर उजाडायची वाट पाहायची नाही. तिथे जिवाला धोका असतो.

दुसरं उदाहरण खास आपलं आहे. रिस्पेरिडोन आणि त्यासारख्या काही औषधांनी शरीरातलं प्रोलॅक्टिन वाढतं. पाळी लांबते किंवा थांबते, कधी स्तनांतून दूध येतं. एका गृहात अशा मुलीला विचारलं गेलं, “सुट्टीत कुठे गेली होतीस, कुणाकडे?” तिला न विचारता गरोदरपणाची तपासणी केली. ती नकारात्मक आली, तरी संशय राहिलाच. औषधाच्या परिणामाचं पाप तिच्या चारित्र्यावर टाकलं गेलं. ही गोळी सुरू करतानाच तिला कुणी सांगितलं असतं की पाळी लांबू शकते, लांबली तर मला सांग, तर ती स्वतःच सांगायला आली असती. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असंही नाही, तेव्हा तपासणी लागेल तिथे जरूर करावी, पण तिला सांगून, तिच्या होकारानं.

फिट्ससाठी आणि मनाच्या चढउतारांसाठी दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट हे असंच एक. गरोदरपणी ते चालू असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं, आणि त्याहून अधिक मुलांची वाढ व शिकणं मागे पडतं. गृहात असताना हा प्रश्न कुणाला सुचत नाही. वर्षभरानं ती घरी जाते, नवऱ्याशी समेट होतो, आणि तिच्या पिशवीत त्याच गोळ्या असतात. गृह सोडताना तिच्या हातात औषधांचा कागद देणं आणि तो वाचून दाखवणं, हेही औषध देण्याचाच भाग आहे.

लिथियमचं थोडक्यात. हे औषध रक्तात थोडं कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं वाढलं तर विष. म्हणून रक्ततपासणी ठरलेल्या अंतरानं व्हायलाच हवी, शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, जुलाब, उलट्या, उपवास, यांनी ते वाढू शकतं. हात जास्त कापायला लागले, बोलणं जड झालं, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरला गाठायचं.

इथे एक आपल्यातलंच बोलते. काही कार्यकर्त्या हे सगळं ऐकून बाईला म्हणतात, “फेकून दे त्या गोळ्या, त्यांनी तुला गुंगवून ठेवलंय.” मला हे धोक्याचं वाटतं. फिट्सवरची फेनोबार्बिटोन एकदम तोडली तर फिट्स लागोपाठ येऊन जीव जाऊ शकतो. दिवाळीच्या सुट्टीत साठा संपला तरी तेच होतं, म्हणून साठा संपायच्या आठवडाभर आधी मागणी जायला हवी. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरशी भांडून, पण डॉक्टरकडूनच.

आणि नकाराचं काय? चहात कुस्करून दिलेली गोळी हा मला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. काही गोळ्या कुस्करल्या की त्यांचा परिणाम बदलतो हे तर झालंच. शिवाय त्या दिवसापासून ती गृहातल्या चहावरही विश्वास ठेवत नाही. तिनं गोळी नाकारली तर अर्ध्या तासानं पुन्हा विचारावं, कारण विचारावं आणि तिच्याच शब्दांत लिहावं. “सकाळी डोकं उचलत नाही” हे तिचं वाक्य डॉक्टरच्या फार उपयोगाचं असतं. “प्रवेशिता शांत आहे” या शेऱ्याचा मात्र काही उपयोग नाही. ती जेवली का, बोलली का, शिवणवर्गात बसली का, की भिंतीकडे तोंड करून पडली आहे? शांत तर दोन्हीकडे लिहिता येतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०४ नुसार शासकीय महिला गृहातल्या एखादीला मानसिक आजार असावा असं वाटलं, तर तिला जवळच्या सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं प्रमुखावर बंधनकारक आहे. उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळणं हा कलम २२ नुसार तिचा हक्क आहे, आपली वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचाही आहे. तेव्हा भेटीला जाल तेव्हा अंथरुणं आणि स्वयंपाकघर पाहून परतू नका. औषधांची वही मागा. गोळी कोणत्या आजारासाठी, कुणी लिहिली, शेवटचा फेरविचार कधी झाला, रक्ताची तपासणी, वजन, साखर कधी पाहिली, हे त्यात आहे का पाहा. वही वाचायची ती त्या बाईच्या परवानगीनं, आणि तिलाही विचारायचं: “ही गोळी कशासाठी आहे, तुला माहीत आहे?”

औषधाचा दुष्परिणाम कळवायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. २०१० पासून चालू असलेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत दूरध्वनी आहे. तिथे बाई स्वतः कळवू शकते, मावशी कळवू शकतात.

आता दुपारच्या गटांत आपण वहीचा नमुना बनवणार आहोत. त्यात ‘बाई स्वतः काय म्हणते’ हा रकाना सर्वांत रुंद ठेवा. मावशींनो, तो तुमच्या हातात मावेल, रात्री कमी उजेडात भरता येईल एवढाच असू द्या; चार पानी फॉर्म नको. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गृहानं एका महिन्याची भरलेली वही आणायची आहे, नावं झाकून.