दोष बॅटरीचा की जोडाचा?

ससून डॉक असो की मिरकरवाडा, धक्क्याला बांधलेली नौका चार दिवस उभी राहिली आणि निघायच्या वेळी सेल्फने नुसता ‘कट्’ आवाज केला, की पहिला आरोप बॅटरीवर येतो. माझे म्हणणे असे, की हा आरोप पुराव्याआधीच सिद्ध धरला जातो. खाऱ्या हवेतले मीठ ओल धरून ठेवते, तांबे हिरवे पडते, आणि वायर जिथे लगमध्ये दाबली आहे तिथे आतल्या आत वाट अरुंद होते. अशा एका जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आहे असे धरा. दोन अँपिअरच्या दिव्याला त्यात 0.02 व्होल्टचा फटका बसतो. दिवा लख्ख पेटतो आणि तांडेल म्हणतो, वायरिंग ठीक आहे. सेल्फ मात्र 200 अँपिअर मागतो. त्या हिशेबाने तिथेच 2 व्होल्ट जातात आणि 400 वॉट उष्णता होऊन वाया जातात. म्हणून दिव्याची साक्ष सेल्फच्या खटल्यात चालत नाही.

मीटरची साक्षही केव्हा घेतली यावर अवलंबून आहे. 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला काही तास विसावा देऊन 12.6-12.7 आले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. चार्जर काढल्या काढल्या घेतलेला आकडा फुगलेला असतो. पण भरलेली म्हणजे धडधाकट नव्हे. त्यासाठी कुणीतरी सेल्फ मारत असताना मीटरच्या सुया क्लॅम्पवर नव्हे, बॅटरीच्या खुंटींवरच टेकवाव्यात. भरलेली असूनही खुंटीवरच 9 व्होल्ट उरले, तर बॅटरी खुशाल बदला. खुंटीवर 11 आणि सेल्फपाशी 8 असतील, तर मधले 3 व्होल्ट वाटेतच गेले. मग एक सुई खुंटीवर आणि दुसरी त्याच क्लॅम्पवर ठेवून एकेक जोड पुढे तपासत जायचे. ट्रकवर हात बसलेला वायरमन इथे हमखास चुकतो, कारण ट्रकचा सांगाडाच परतीची वाट असतो. लाकडी वा फायबरच्या नौकेत काळी वायरही स्वतंत्र ओढलेली असते आणि निम्मे जोड तिच्यावरच असतात.

यावर कुणी म्हणेल, नवी बॅटरी घातली की इंजिन सुरू होते, मग एवढा खटाटोप कशाला? होते खरे. नवी बॅटरी ताकदीच्या जोरावर तो अडथळा रेटून नेते, म्हणूनच दोष झाकला जातो. जोड तापत आणि गंजत राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जोड चकचकीत असूनही उभ्या नौकेची बॅटरी उतरते. तिथे गळती शोधावी लागते. सगळे बंद करून बॅटरीच्या वाटेत मीटर अँपिअरवर जोडावा, सेल्फला मात्र हात लावू नये. सतत एक अँपिअर जात असेल तर 100 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते. मेन स्विच बंद असूनही आकडा मधूनच चढला, तर बहुधा तळातले पाणी उपसणारा बिल्ज पंप चालू झालेला असतो. त्याची वायर मुद्दामच थेट बॅटरीला दिलेली असते आणि ती तोडू नये. पंप वरचेवर चालत असेल तर मीटर बाजूला ठेवून पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथली पॅकिंग पाहावी. पाणी तिथूनच येत असण्याची शक्यता अधिक.