गोलकनाथांची शेती आणि मोरव्याची जमीन



भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की इमारतींची गर्दी मागे पडते आणि मुर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात. खाजण, खारफुटी, मिठागरं आणि त्यांच्यामधून उरलेली शेती. मेट्रो ९ची, म्हणजे दहिसर ते मिरा-भाईंदर मार्गाची, कारशेड राई-मुर्धा-मोरवा या पट्ट्यात करायचं ठरलं आणि गावकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे कारशेडची जागा डोंगरीला हलवली गेली, तर तिथे झाडांचा प्रश्न उभा राहिला. त्या वादात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो एकच साधा प्रश्न: सातबारा माझ्या नावावर आहे, तरी सरकार माझी जमीन घेऊ शकतं का?

या प्रश्नाचं खरं उत्तर तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाही. ते लोकसभेत घडलं, वादातून, दहा-बारा वर्षं. त्या वादाला तोंड फोडणारा खासदार आपल्याच कोकण किनाऱ्यावरचा होता. बॅरिस्टर नाथ पै, जन्म वेंगुर्ल्याचा, १९५७ पासून सलग तीनदा राजापूरमधून निवडून आलेले, प्रजासमाजवादी पक्षाचे. आज त्यांच्या एका विधेयकाबद्दल मला बोलायचं आहे.

त्या विधेयकामागे एक खटला होता. पंजाबातल्या जालंदर भागात गोलकनाथ नावाचं कुटुंब होतं. त्यांची पाचशे एकरांच्या आसपास शेती. कमाल जमीनधारणेच्या कायद्याने त्यातली बरीचशी जमीन जादा ठरली आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मालमत्तेचा हक्क हा तेव्हा मूलभूत हक्क होता. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला की यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. झालेल्या दुरुस्त्यांना न्यायालयाने हात लावला नाही, पण पुढची वाट बंद झाली. जमीन सुधारणेचं सगळं राजकारण एका मताच्या फरकावर अडलं.

सहा आठवड्यांच्या आत, ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. विधेयक लहानसंच होतं. घटनेतली कोणतीही तरतूद, अगदी मूलभूत हक्कांसकट, घटनेने घालून दिलेल्या रीतीने बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

खासगी विधेयक म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक ते खासगी. त्यासाठी शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास मिळतात. एव्हाना बरेच सदस्य मतदारसंघाच्या गाडीत बसलेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. त्यानंतर एकही नाही. हे ठाऊक असूनही जो सदस्य रात्र-रात्र घटना आणि निकालपत्रं वाचून शुक्रवारच्या अर्ध्या रिकाम्या सभागृहात उभा राहतो, त्याच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

त्यातही नाथ पै विरोधी बाकांवर होते. ते मागत होते तो अधिकार मिळाला असता तर वापरला असता सत्ताधारी काँग्रेसने. त्यांनी तो हिशेब केला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने दुरुस्ती करायची की न्यायालयाने तिला कायमची अडवायची, हा त्यांच्यासाठी मूळ मुद्दा होता. सरकारने विधेयकाला अनुकूलता दाखवली, ते संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, त्यावर पुन्हा चर्चा झाली.

आणि त्यांना विरोध कोणी केला? समाजवादी घराण्यातल्याच मंडळींनी. मधू लिमये मूळचे पुण्याचे, पण बिहारमधल्या मुंगेरहून निवडून आलेले, संयुक्त समाजवादी पक्षाचे. त्या पक्षाचं म्हणणं असं की मूलभूत हक्क हे बहुमताच्या विरुद्ध माणसाला मिळालेलं कवच आहे, ते बहुमताच्याच हाती सोपवायचं कसं? म्हणजे दोन मराठी माणसं, दोघंही स्वातंत्र्यसैनिक, दोघंही समाजवादी, आणि घटनेच्या गाभ्याशी असलेल्या प्रश्नावर समोरासमोर. वैयक्तिक उणीदुणी न काढता असा वाद होऊ शकतो, हे आजच्या तरुण श्रोत्यांनी मुद्दाम वाचून पाहावं.

माझं मत विचाराल तर जमिनीच्या बाबतीत नाथ पै बरोबर होते. पाचशे एकरांचा मालक मूलभूत हक्काच्या आड उभा राहिला असता तर कोकणातली, ठाणे जिल्ह्यातली कुळं कधी मालक झालीच नसती. पण लिमयांची भीतीही खरी ठरली, आणि फार लवकर खरी ठरली.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. महिन्याभराच्या आत, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पैंचं निधन झालं. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २४वी घटनादुरुस्ती झाली आणि ते जे मागत होते ते सरकारने स्वतः करून घेतलं. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी गोलकनाथ निकाल मोडीत काढला. तो खटलाही जमिनीवरूनच, केरळातल्या एका मठाच्या. सात विरुद्ध सहा मतांनी न्यायालय म्हणालं: संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मला या निकालात नाथ पै आणि लिमये या दोघांचाही आवाज ऐकू येतो.

मग आणीबाणी आली. ४२व्या दुरुस्तीने संसदेच्या अधिकाराला मर्यादाच नाही, असं लिहिलं गेलं. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा लिमयांनी राजीनामा दिला. नाथ पैंनंतर राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवते तुरुंगात होते. रामभाऊ म्हाळगीही तुरुंगात होते आणि १९७७ साली तेच ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्याच लोकसभेच्या काळात ४४वी दुरुस्ती झाली. तिने दोन गोष्टी केल्या. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतसुद्धा स्थगित करता येणार नाही, हे पक्कं केलं. आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून ३००-अ या कलमात नेऊन ठेवला: कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.

मोरव्याच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. सरकार जमीन घेऊ शकतं, पण कायद्याने. कोणत्या कायद्याने, कोणत्या पायऱ्या चढून, हे संसद ठरवते. गोलकनाथांच्या शेकडो एकरांसाठी सैल केलेली दोरी आज पाच गुंठेवाल्याच्याही गळ्याशी आहे, आणि म्हणून त्याच्या खासदाराने संसदेत काय बोलायचं हा प्रश्न माझ्या दृष्टीने गटार-दिव्यांपेक्षा मोठा आहे.

एक नेमकी जागा दाखवतो. १८९४चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३चा आला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची, लोकांचं म्हणणं जाहीर सुनावणीत ऐकण्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा कायद्यांची यादी दिली आहे. त्या कायद्यांखाली जमीन घेतली तर या पायऱ्या लागू नाहीत. यादीत रेल्वे आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे आणि १९७८चा मेट्रो रेल्वे बांधकाम कायदाही आहे. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून यांनाही लावल्या गेल्या. परिणामांचा अभ्यास मात्र बाहेरच राहिला. मिठागरांचा प्रश्नही संसदेकडेच जातो. मिठाचं उत्पादन आणि त्याचं नियंत्रण हा घटनेने केंद्राच्या सूचीत घातलेला विषय आहे. आपल्या दारातलं आगर हा दिल्लीचा विषय आहे.

म्हाळगींची एक रीत होती. वर्षभरात सभागृहात आणि मतदारसंघात काय केलं याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. त्यांच्या नावाची प्रबोधिनी मोरव्याच्या पुढे, त्याच उत्तनच्या बाजूला आहे आणि तिथे लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण दिलं जातं. पण अहवाल मागण्यासाठी प्रशिक्षण लागत नाही. लोकसभेतली सगळी भाषणं, अगदी १९५२ पासूनची, संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात खुली आहेत. फोनवर उघडतात. नाथ पै यांचं नाव टाका, मधू लिमये यांचं टाका, वाचा. मग ठाण्याच्या आजवरच्या खासदारांची नावं एकेक करून टाका आणि चौथ्या अनुसूचीबद्दल, मिठागरांबद्दल कोण काय बोललं ते शोधा. काही सापडलं नाही तर प्रश्न तुम्हीच लिहून द्या. तारांकित प्रश्नाची सूचना सदस्याला किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू होण्याची वाट पाहू नका.